महापुरात भिजलेली १९७१ ची फियाट : चार महिन्यांचे काम चौदा महिन्यांवर गेले, आता कुठे थांबावे?

कृष्णाकाठ_सांगली

सर्वांना नमस्कार. प्रश्न लांबलचक झाला आहे याची मला कल्पना आहे, पण गाडीची आजची अवस्था नीट सांगितल्याशिवाय सल्ला देणे कोणालाही अवघड जाईल.

आमच्याकडे १९७१ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. माझ्या वडिलांची सांगलीत हळदीची अडत होती. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागण्याचा तो काळ होता, म्हणून त्यांनी १९७६ मध्ये पहिल्या मालकाकडून ही गाडी घेतली आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे स्वतः चालवली. पौर्णिमेला आई-वडील याच गाडीने औदुंबरला दत्तदर्शनाला जात. वडील २०१६ मध्ये गेले. गाडी गावभागातल्या जुन्या घराशेजारच्या शेडमध्ये उभी होती आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ती चार दिवस स्टिअरिंगपर्यंत पाण्यात राहिली. पाणी ओसरल्यावर घर सावरण्यातच आमचे सहा महिने गेले. गाडी पाइपने धुतली, दारे उघडी ठेवून वाळवली आणि वर ताडपत्री टाकली. आत काय राहिले असेल याचा विचार तेव्हा कोणाच्याच मनात आला नाही.

गेल्या वर्षी आई बोलता बोलता म्हणाली, "दत्तजयंतीला एकदा आपल्या गाडीतून औदुंबरला जाऊन येऊ." आई ७९ वर्षांची आहे. मी त्याच आठवड्यात गाडी गॅरेजला नेली. ठरवलेले काम असे होते : ब्रेक, टायर, बॅटरी, वायरिंग, इंजिन सुरू करणे आणि वरून रंगाचा एक हात. खर्चाचा अंदाज १,४०,००० रुपये आणि मुदत चार महिने.

आज चौदा महिने झाले आहेत, ३,८५,००० रुपये खर्च झाले आहेत आणि गाडी सुटी करून ठेवलेली आहे. इंजिन जाम होते म्हणून उघडले, तर दोन सिलिंडरांच्या भिंतींवर गंजाचे खड्डे निघाले. रंगाऱ्याने मागच्या मडगार्डच्या तळाशी खरवडायची पट्टी मारली, तर बोटभर जाडीची लांबी (खड्डे बुजवायचा लेप, पुट्टी) निघून आली आणि तिच्यामागे पत्राच नव्हता. मग दाराखालची पोकळ बॉक्स पट्टी एका ठिकाणी कापली. तिच्या आत कृष्णेचा गाळ वडीसारखा थापून बसलेला होता. पाच वर्षांनंतरही बोटाने दाबल्यावर तो आतून ओलसर लागला. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळले की आपण जे काम हाती घेतले होते ते हे नव्हेच.

पण सगळा दोष पुराला देता येणार नाही. बंपरला नवे क्रोम, सीटला चामडे, डॅशबोर्डचे पॉलिश ही कामे मी स्वतः वाढवली. गॅरेजमध्ये उभे असताना "आता उघडलेच आहे तर करूनच घेऊ" हे वाक्य मी इतक्या वेळा बोललो की मूळ यादी कुठे ठेवली तेही आठवेना.

गॅरेजने उरलेल्या कामाचे ४,५०,००० रुपये सांगितले आहेत. इंजिनाऐवजी एका लहान व्हॅनचे वापरलेले इंजिन बसवले तर त्यातले ३५,००० वाचतील आणि दोन महिने लवकर होईल, असेही त्यांचे म्हणणे आहे. पट्ट्या आणि फ्लोअर पूर्ण बदलावे की ठिगळे लावून भागेल? इंजिन बदलावे का? आणि मुख्य म्हणजे, यातले काय आत्ता करावे आणि काय सोडून द्यावे? एक दत्तजयंती हुकली आहे. दुसरी हुकू नये असे मनापासून वाटते.

पत्रेकाम_नाशिक

आपला प्रश्न वाचून मी दोन दिवस थांबलो, कारण घाईने उत्तर देण्याचा हा विषय नाही. मी स्वतःच्या दोन पद्मिनींचे, म्हणजे आपल्या डिलाइटच्याच पुढच्या काळातल्या गाड्यांचे, पत्र्याचे काम केले आहे, त्यामुळे मी फक्त बॉडीबद्दल लिहितो. इंजिनाबद्दल जाणकारांनी लिहावे.

सर्वप्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या गाडीला जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नाही. फ्लोअर, दाराखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि टप हे सगळे एकमेकांना जोडून जो पिंजरा होतो, तोच गाडीचा सांगाडा असतो. त्यामुळे दाराखालची पट्टी ही शोभेची वस्तू नसून भार पेलणारी तुळई आहे. ती कुजली की गाडी मधोमध किंचित खाली बसते, दारे लागेनाशी होतात, आणि अपघात झालाच तर आतल्या माणसाला वाचवणारे काही शिल्लक राहत नाही. आपण आईंना तिच्यात बसवणार आहात, म्हणून पट्ट्यांच्या बाबतीत ठिगळ हा शब्दच काढून टाकावा. आतला आणि बाहेरचा असे दोन्ही पत्रे, दोन्ही बाजूंना, पूर्ण लांबीचे नवे बसवावेत.

गाळाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण महापुरातून निघालेल्या गाड्यांचे खरे दुखणे तेच असते. नदीचा बारीक गाळ पोकळ जागेत शिरला की तो स्पंजासारखा ओलावा धरून ठेवतो. बाहेरचा पत्रा वाळतो, हाताला कोरडा लागतो, पण आत गंज चालूच राहतो. पट्ट्यांच्या तळाला पाणी जाण्यासाठी ठेवलेली भोके त्याच गाळाने बुजतात आणि पुढच्या प्रत्येक पावसाचे पाणीही आतच साठते. आपल्या गाडीत पट्ट्यांखेरीज हा गाळ आणखी कुठे असेल ते शोधावे लागेल : दारांच्या तळाशी, मागच्या चाकांच्या कमानींच्या दुहेरी पत्र्यात, डिकीत स्टेपनी ठेवतात त्या खोलगट जागेत, आणि पुढच्या काचेखालच्या हवेच्या कप्प्यात. शेवटची जागा बहुतेक जण विसरतात आणि मग रंग झाल्यावर पहिल्याच पावसात पायांपाशी पाणी टपकते. प्रत्येक पोकळी दोन्ही टोकांकडून पाण्याच्या जोराने धुवावी, स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवावी, नंतर कॉम्प्रेसरच्या हवेने वाळवून निदान आठवडाभर उन्हात ठेवावी.

कापण्यापूर्वीची तयारी ही कापण्याइतकीच महत्त्वाची आहे. गाडी सपाट जमिनीवर, शक्यतो चाकांवर किंवा एक्सलखाली टेकू देऊन उभी करावी. मध्ये जॅक लावून उचललेल्या गाडीची पट्टी कधीही कापू नये. दाराच्या चौकटीत आडवा आणि तिरपा असे लोखंडी पाइप तात्पुरते वेल्ड करून घ्यावेत, चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजून वहीत लिहून ठेवावेत आणि एका वेळी एकच बाजू कापावी. दारे काढून बाजूला ठेवण्याचा मोह गॅरेजवाल्यांना होतो. पण दार जागेवर असेल तरच नवी पट्टी बसवताना दाराची फट सारखी राहते की नाही ते कळते. माझ्या पहिल्या गाडीत मी हे पाळले नव्हते. वेल्डिंग उत्तम झाले आणि मागचे डावे दार शेवटपर्यंत खांदा मारूनच लावावे लागले.

पट्ट्यांसाठी १८ गेज आणि फ्लोअरसाठी २० गेजचा पत्रा चालेल. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा फार तापतो आणि लाटा घेतो, म्हणून मिग वेल्डिंग (विजेवर चालणारे, तारेचे वेल्डिंग) करणारा कारागीर शोधावा. फ्लोअरच्या बाबतीत मात्र पूर्ण बदलण्याचा आग्रह मी धरणार नाही. टोकदार हातोडीने ठोकत जावे. जिथे टणक आवाज येतो तो पत्रा राहू द्यावा, जिथे टोक रुतते तिथून दोन बोटे पुढे, निरोगी पत्र्यापर्यंत कापून नवा तुकडा बसवावा. नव्या तुकड्याला मूळ फ्लोअरसारख्या उठावाच्या रेघा पाडून घ्याव्यात, कारण सपाट पत्रा गाडी चालताना डब्यासारखा वाजतो. सांध्यांना जस्ताचा प्रायमर, त्यावर इपॉक्सी प्रायमर, आणि सगळे रंगकाम संपल्यावर पोकळ भागांत मेणाचा फवारा द्यावा. नुसता रेड ऑक्साइड मारून रंग चढवू नये, कारण तो ओलावा अडवत नाही.

रंगाऱ्याने लांबी लावू नये असे मी म्हणत नाही, ती थोडी लागतेच. पण ती पत्र्याच्या जागी लावलेली नसावी. कपाटाच्या दाराला लावतात तसले लहान लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून साऱ्या गाडीवरून फिरवावे. जिथे ते धरत नाही तिथे लांबी जाड आहे, असे समजून खडूने खूण करावी.

उद्यमनगर_लेथ

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेली पंचवीस वर्षे इंजिनाच्या मशीनिंगचे काम करतो. दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवू नका, असे मी आधीच सांगून टाकतो, आणि त्याची कारणेही देतो.

आपले इंजिन १०८९ सीसीचे आहे, म्हणजे बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५ मिलिमीटर. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे आहे. हे अतिशय साधे इंजिन आहे आणि खड्डे पडले म्हणून ते संपले असे होत नाही. ब्लॉक स्वच्छ करून बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी मोजावा. खड्डे उथळ असतील तर बोअरिंग करून, म्हणजे सिलिंडर आतून किंचित मोठा कापून, ओव्हरसाइज पिस्टन बसतात. खोल असतील तर त्या सिलिंडरला स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, घालून मूळ मापावर आणता येते. खड्डे दोनच सिलिंडरांना आहेत म्हणून तेवढेच दोन बोअर करा असे कोणी सुचवले तर ऐकू नये, चारही सिलिंडर एकाच मापाचे असायला हवेत.

पुरातल्या इंजिनाचा धोका वेगळाच असतो. गाळ तेलाच्या मार्गांत जाऊन बसतो. क्रँकच्या आतल्या तेलाच्या भोकांचे प्लग आणि ब्लॉकमधल्या तेलाच्या मार्गांचे प्लग काढून, लांब ब्रशने घासून, रॉकेल आणि हवेने धुतल्याशिवाय इंजिन बांधले तर नवे बेअरिंग पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये खरवडून निघते. दोन वर्षांपूर्वी शिरोळ भागातले एक इंजिन माझ्याकडे दुसऱ्यांदा आले ते याच कारणाने. ग्राहकाचे पैसे दोनदा गेले आणि मला फार वाईट वाटले, कारण पहिल्या वेळी प्लग काढायचे राहिले होते ते माझ्याच माणसाकडून. ब्लॉकच्या बाजूची भोके बंद करणारी पत्र्याची झाकणे, म्हणजे वेल्च प्लगही बदलावेत आणि ते काढल्यावर पाण्याच्या जॅकेटमधला गाळ तारेने उकरून काढावा, नाहीतर उन्हाळ्यात चढावर गाडी तापत राहील. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे तेल काढून पाहा. दुधट निघाले तर आत पाणी गेले आहे आणि बेअरिंग पाहिल्याशिवाय ते बंद करू नयेत.

व्हॅनच्या इंजिनाबद्दल सांगायचे तर, ते बसवण्यासाठी माउंटिंग नवी करावी लागतात, गिअरबॉक्सचे जुळवून घ्यावे लागते, स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्याची जोडणी बदलते, रेडिएटर आणि सायलेन्सर बदलतो. ३५,००० रुपये वाचतील असे जे सांगितले आहे ते या सगळ्यात कधीच संपून जातात. जे काम आवरायचे आहे त्यात आपण नवे काम उघडत आहात.

पेट्रोलचेही पाहावे लागेल. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि आपल्या गाडीच्या रबरी नळ्या, यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा व कार्बोरेटरच्या सीट हे सगळे त्याच्या फार आधीच्या काळातले आहे. जुने रबर त्याने फुगते किंवा चिरते आणि गरम इंजिनावर पेट्रोल टपकणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. व्हायटनच्या (इंधन सोसणाऱ्या खास रबराच्या) नळ्या आणि इथेनॉल सोसणारा पडदा घ्यावा. इथेनॉल हवेतला ओलावाही शोषून घेते. त्यामुळे गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये. पुरात बुडालेली टाकी मात्र काढून, आतून धुऊन, गंज घालवल्याशिवाय मुळीच वापरू नये.

ब्रेकमध्ये चारही चाकांना ड्रम आहेत आणि हायड्रॉलिकची सगळी मदार एकाच मास्टर सिलिंडरवर आहे. तो, व्हील सिलिंडर आणि पोलादी नळ्या हे सगळे नवे घ्यावे. साध्या तांब्याची नळी कोणी सुचवली तर नकार द्यावा, ती कंपनाने तडकते. पुढची चाके ज्यांवर वळतात ते किंगपिन आणि त्यांचे बुशही याच वेळी तपासावेत.

जुन्यागाड्या_ठाणे

वरील दोघांच्या अनुभवाचा पूर्ण आदर ठेवून मी थोडे वेगळे मत मांडतो. आपल्याला थांबायचे कुठे हा प्रश्न पडला आहे, पण माझ्या मते आता थांबूच नये. गाडी पुन्हा इतकी सुटी होणार नाही. दत्तजयंतीची तारीख डोळ्यांसमोर ठेवून काम उरकले तर त्या घाईचा परिणाम पुढची दहा वर्षे दिसत राहील.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. २०१५ मध्ये माझ्या डिलाइटचे काम करताना मुलीच्या लग्नाची तारीख जवळ आली होती. पुढच्या मडगार्डांच्या आतल्या बाजूचा गंज दिसत असूनही, "नंतर पाहू" म्हणून मी रंग चढवून घेतला. लग्नात गाडीचे फार कौतुक झाले. तीन वर्षांत हेडलाइटच्या वर फोड आले आणि चांगल्या रंगाचे मडगार्ड कापावे लागले. रंग जुळवताना अख्खे नाक पुन्हा रंगवावे लागले. जे काम तेव्हा पंधरा हजारांत झाले असते ते पंचेचाळीस हजारांना पडले.

सुट्या भागांच्या बाबतीत मात्र आपण सुदैवी आहात. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून डिलाइट तयार होत होती, आणि तीच गाडी १९७४ पासून पद्मिनी नावाने थोड्याफार बदलांसह २००० च्या आसपासपर्यंत निघत राहिली. त्यामुळे दारे, काचा, कमानपाटे, गिअरच्या दांड्याचे बुश असे पुष्कळ भाग नंतरच्या गाड्यांचेही चालतात. पुढची जाळी, दिवे आणि डॅशबोर्ड यांत फरक आहे, ते जपून घ्यावे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेली, त्यानंतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा माल हळूहळू कमी होत चालला आहे. जे लागेल ते आत्ताच घेऊन ठेवावे. टॅक्सीचे दार घेताना मात्र चुंबक बरोबर न्यावे, कारण टॅक्सीच्या दारांना किती वेळा लांबी भरली असेल ते सांगता येत नाही. पुण्यात असाल तर नाना पेठेत गॅस्केट, क्लच प्लेट आणि ब्रेकचे सामान अजून मिळते.

पत्रेकाम_नाशिक

ठाणेकरांचे म्हणणे पत्र्याच्या बाबतीत मला शंभर टक्के मान्य आहे आणि मडगार्डचा त्यांचा अनुभव प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. पण "थांबूच नये" यात सगळेच येते, तिथे माझा मतभेद आहे. सांगलीकरांच्या यादीत दोन तऱ्हेची कामे मिसळली आहेत. काही कामे रंगाखाली जाणारी आहेत, म्हणजे पट्ट्या, फ्लोअर, मडगार्ड, दारांचे तळ. ती आत्ता झाली नाहीत तर पुढे रंग फोडूनच करावी लागतील. काही कामे नट-बोल्टने निघणारी आणि बसणारी आहेत, म्हणजे बंपर, सीट, डॅशबोर्डची पट्टी. बंपर पुढच्या वर्षी काढून क्रोमला दिला तर गाडीचे काय बिघडणार आहे? उलट क्रोमवाले, सीटवाले, पॉलिशवाले या तिघांच्या तारखा सांभाळण्यात गॅरेजचे मुख्य काम रेंगाळते, हे मी पाहिले आहे. चौदा महिन्यांतले किती आठवडे गाडीला कोणाचा हातही लागला नाही ते आपण एकदा वहीत मांडून पाहावे.

आरसीबुक_पुणे

गाडीविषयी मला वरच्या मंडळींइतके कळत नाही, पण कागदांचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो. आरसी बुक अजून वडिलांच्या नावावर आहे का, आणि मुदत कधी संपली? वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी नमुना ३१ चा अर्ज लागतो आणि तो मृत्यूनंतर तीन महिन्यांत करायचा असतो. उशीर झाला असला तरी पहिले पाऊल तेच आहे. त्यानंतर नोंदणीच्या नूतनीकरणाचा नमुना २५ चा अर्ज. खासगी गाडीला पहिल्या पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांची मुदतवाढ मिळते आणि प्रत्येक वेळी गाडी तपासणीला दाखवावी लागते. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर बंदी आली ती महाराष्ट्रात नाही, त्यामुळे गाडी सुस्थितीत असेल तर वयाची अडचण येणार नाही.

आपली गाडी ५० वर्षांहून जुनी असल्यामुळे २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणूनही नोंदवता येईल. त्याचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि जुना क्रमांक राखता येतो. पण व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा मोजक्याच कारणांसाठी ती चालवता येते. आईंना पौर्णिमेला औदुंबरला न्यायचे असेल तर साधे नूतनीकरणच आपल्याला योग्य ठरेल. व्हिंटेजच्या नियमांत इंजिन, बॉडी आणि चासी यांत मोठा बदल चालत नाही आणि साध्या नोंदणीतही दुसरे इंजिन बसवायचे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. लेथवाल्यांच्या सल्ल्याला हे आणखी एक कारण.

दोन गोष्टी गॅरेजमध्ये आजच सांगाव्यात. चासी क्रमांक कोरलेल्या जागेवर ग्राइंडर किंवा लांबी लागू देऊ नये. तपासणीच्या वेळी त्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतात आणि ती अस्पष्ट आली तर सगळे तिथेच अडते. आणि आरसीवर जो रंग लिहिला आहे त्यापेक्षा वेगळा रंग द्यायचा असेल तर त्याचीही नोंद करावी लागेल, म्हणून रंगाचा डबा आणण्याआधी आरसी बुक उघडून पाहावे.

कृष्णाकाठ_सांगली

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मी मनापासून आभारी आहे. चार दिवस कागद घेऊन बसलो होतो, त्यातून जे ठरले ते सांगतो.

गॅरेजच्या ४,५०,००० रुपयांची फोड मागून घेतली. पत्र्याचे काम आणि रंग १,९०,०००, इंजिन ९०,०००, ब्रेक आणि पेट्रोलची व्यवस्था ३५,०००, वायरिंग २५,०००. उरलेले १,१०,००० हे क्रोमचे आणि चामड्याच्या सीटचे होते, म्हणजे संपूर्णपणे मीच वाढवलेले. ते दोन्ही मी यादीतून काढले आहे. व्हॅनच्या इंजिनाला नकार कळवला असून ब्लॉक, क्रँक आणि हेड पुढच्या सोमवारी कोल्हापूरला पाठवतो आहे. गिअरबॉक्सचे तेल काढले, ते ताकासारखे निघाले, म्हणून तोही उघडावा लागणार आहे. ही भर मात्र मी निमूटपणे स्वीकारली आहे. नाशिककरांनी सांगितल्याप्रमाणे वही मांडून पाहिली, तर चौदा महिन्यांतले एकवीस आठवडे गाडीला कोणी हात लावलेला नव्हता, आणि त्यातले नऊ आठवडे आम्ही फक्त बंपरची वाट पाहत होतो.

आरसीची मुदत २०२१ मध्ये संपली आहे आणि ते वडिलांच्याच नावावर आहे. नमुना ३१ भरून ठेवला आहे. रंग "फिकट हिरवा" असा लिहिला आहे. आम्हा भावंडांना गाडी नेहमी साय रंगाचीच आठवते, कारण वडिलांनी ती नंतर तशी रंगवून घेतली होती. स्टेपनीखालचा गाळ खरवडल्यावर तळहाताएवढ्या जागेत तो मूळ हिरवा रंग अजून शिल्लक सापडला. त्याचा फोटो दाखवल्यावर आई म्हणाली की गाडी घरी आली तेव्हा ती अशीच होती, रावळातल्या तुळशीच्या नव्या पानासारखी. हिरवाच द्यायचा असे ठरले आहे.

परवा आईला गॅरेजमध्ये नेले होते. इतक्या सुट्या अवस्थेत गाडी पाहून तिला वाईट वाटेल अशी मला धास्ती होती. पण ती सरळ बाजूला काढून ठेवलेल्या मागच्या सीटपाशी गेली, तिने सीट हाताने दाबून पाहिली आणि काथ्या होता तसा घट्ट भरायला सांगितले, कारण मऊ सीटवरून तिला आता उठता येत नाही. काथ्या आणि रेक्झिन मिळून सात हजारांत काम होते आहे. ते यादीत नव्याने घातले.

दाराच्या चौकटींत पाइप वेल्ड करून झाले आहेत आणि दोन्ही बाजूंचे कर्ण लिहून घेतले आहेत. उजवीकडचे दोन्ही सारखे आहेत, डावीकडे चार मिलिमीटरचा फरक दिसतो. तो पुरापूर्वीचा की नंतरचा हे कळायला मार्ग नाही. पट्टी बसवण्याआधी त्या बाजूला हलका जॅक देऊन तो फरक काढून घ्यावा, की दाराच्या बिजागऱ्यांवर जुळवून घ्यावे, एवढे नाशिककरांनी कृपया कळवावे. उजवी बाजू आम्ही रविवारी कापायला घेत आहोत, डावीला उत्तर येईपर्यंत हात लावणार नाही.